‘भारत एक खोज’ : नगरच्या किल्ल्यातून मोबाईलच्या पडद्यावर

दूरदर्शनच्या जुन्या मालिकांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुतेक आठवणींच्या स्वरूपाचे असते. रविवारची सकाळ, गल्लीतला एकच टीव्ही, छतावर अँटेना फिरवणारा थोरला भाऊ, आणि मग ‘ते दिवस गेले’ असा सुस्कारा. मला हा सुस्कारा टाकता येत नाही, कारण ‘भारत एक खोज’, ‘मिर्झा ग़ालिब’, ‘तमस’ या मालिका १९८८ साली दाखवल्या गेल्या तेव्हा माझ्या पिढीतले बरेचजण जन्मलेलेही नव्हते. आम्हाला या मालिका भेटल्या त्या यूट्यूबवर, फुकट, आणि २०१६ नंतर नेटपॅक स्वस्त झाल्यावर. त्यामुळे माझ्यासाठी त्या जुन्या नाहीत. आज हातात आलेल्या कलाकृती म्हणूनच मी त्यांच्याकडे पाहते आणि त्याच नजरेने हे लिहीत आहे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. आमच्या मुलांच्या हातातले इतिहासाचे पुस्तक पुण्याच्या बालभारतीचेच, फक्त उर्दूतले. २०१७ मध्ये सातवीचा अभ्यासक्रम बदलला आणि मोगलांचा भाग फारच आक्रसला. मराठ्यांचा इतिहास महाराष्ट्रातल्या मुलांना सविस्तर शिकवावा याबद्दल माझी तक्रार नाही, शिकवलाच पाहिजे. पण पुस्तकातून जे कमी होते ते मुलांच्या डोक्यातून कमी होत नाही. मूल ते दुसरीकडे शोधते, आणि आज ‘दुसरीकडे’ म्हणजे मोबाईल. तिथे अकबर, अलाउद्दीन, औरंगजेब, टिपू यांच्यावर शेकडो व्हिडिओ आहेत. लाल अक्षरांतली शीर्षके, तलवारींचा खणखणाट, आणि निवेदकाचा असा आवाज की जणू तो स्वतः त्या दरबारात उभा होता. एका बाजूचे व्हिडिओ सांगतात की हे सगळे राक्षस होते. दुसऱ्या बाजूचे, आणि ते आपलीच माणसे बनवतात, सांगतात की हे सगळे वली होते. दोघांच्या आवाजातला ठामपणा अगदी सारखा आहे. या गर्दीत श्याम बेनेगलांची त्रेपन्न भागांची मालिका कुठेतरी खाली, धुरकट चित्रासह पडून असते. तिचे मोल काय, हा या लेखाचा प्रश्न आहे.

मालिकेचा पाया नेहरूंचे ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’. हे पुस्तक १९४४ साली एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत अहमदनगरच्या किल्ल्यात लिहिले गेले आणि १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. (शहराचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर आहे; किल्ल्याची गोष्ट जुन्या नावाची, म्हणून इथे जुनेच नाव ठेवते.) १४ नोव्हेंबर १९८८ रोजी मालिकेचा पहिला भाग दूरदर्शनवर आला. पटकथा शमा ज़ैदी आणि अतुल तिवारी यांची, संगीत वनराज भाटियांचे. रोशन सेठ नेहरू होऊन आपल्याशी बोलतात आणि ओम पुरी निवेदन करतात. शीर्षकगीत ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताचे, आधी संस्कृतात, मग वसंत देव यांच्या हिंदी रूपांतरात. सृष्टी कशी झाली हे कोणाला ठाऊक, कदाचित त्यालाही ठाऊक नसेल, अशा शंकेवर हे सूक्त संपते. इतिहासाच्या मालिकेचे दार शंकेने उघडावे ही निवड मला फार मोठी वाटते. आमच्या घरात हे सूक्त प्रथम वाजले तेव्हा शेजारच्या एका बुजुर्ग बाईंनी विचारले, “मंत्र लावलेस का ग?” मी म्हटले, “खालाजान, प्रश्न लावलेत.” त्यांना ते पटले नाही, पण भाग संपेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

आता मालिकेच्या कलेविषयी. आजच्या प्रेक्षकाला ती प्रथम गरीब वाटते. सैन्य म्हणजे पंधरा-वीस माणसे, राजवाडा म्हणजे दोन खांब आणि एक पडदा, युद्ध बरेचसे आवाजातच. संगणकाने उभी केलेली लाखाची फौज पाहणाऱ्या मुलांना पहिली दहा मिनिटे हसू येते. पण ही गरिबी नाटकाकडून आली आहे, आणि नाटकाने तिला एक शहाणपणही दिले आहे. बेनेगल आपल्याला ‘पाहा, हे असेच घडले’ म्हणत नाहीत. ‘हे असे सांगितले जाते, आम्ही ते असे करून दाखवतो’ एवढेच म्हणतात. नट नटासारखाच दिसतो, आणि तेच हवे आहे.

याचा सर्वांत चांगला पुरावा म्हणजे नटांची वाटणी. ओम पुरी निवेदक आहेतच, शिवाय तेच दुर्योधन, तेच सम्राट अशोक, तेच अलाउद्दीन खिलजी आणि तेच औरंगजेब. सलीम घौस राम होतात, कृष्ण होतात आणि पुढे टिपू सुलतानही होतात. नसीरुद्दीन शाह छत्रपती शिवाजी महाराज होतात, सदाशिव अमरापूरकर महात्मा फुले होतात. मी नववीच्या वर्गात औरंगजेबाचा भाग लावला तेव्हा एक मुलगी ओरडली, “मिस, हा तर तोच अशोक!” वर्ग हसला. मला मात्र वाटले की तासाचे काम इथेच झाले. जो चेहरा कलिंगच्या रणात पश्चात्ताप करतो, तोच चेहरा दाराशुकोहच्या मृत्यूचा हुकूम देतो. मुलाच्या मनात औरंगजेबाचा एकच कायमचा चेहरा तयार होत नाही. ज्या काळात एका बादशहाचा चेहरा आजच्या एका सबंध जमातीच्या चेहऱ्यावर चिकटवला जातो, त्या काळात ही साधी नाट्ययुक्ती मला फार कामाची वाटते. १९८८ मध्ये ती कदाचित केवळ खर्च वाचवण्यासाठीही असेल. कलाकृतीतले सगळेच शहाणपण ठरवून आलेले नसते.

अलाउद्दीनचेच पाहा. मालिका दिल्ली सल्तनतीकडे येते ती ‘पृथ्वीराज रासो’ आणि ‘पद्मावत’ या काव्यांच्या वाटेने. चित्तोड पडले १३०३ मध्ये. मलिक मुहम्मद जायसी यांचे ‘पद्मावत’ आले १५४० च्या सुमारास, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षांनी. जायसी सूफी होते आणि त्यांचे काव्य अवधीतले. मालिकेतला अलाउद्दीन काव्यातला आहे, हे भागाच्या नावातच सांगितले जाते. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या ‘पद्मावत’ या हिंदी चित्रपटानेही त्याच काव्याचा आधार सांगितला, पण तिथला मांस ओरबाडणारा अलाउद्दीन पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाला जायसी आठवत नाही, सुलतान आठवतो. गंमत अशी की त्या चित्रपटाविरुद्ध रस्त्यावर आलेल्यांना राणीच्या मानाची चिंता होती. सुलतानाचे काय केले आहे याची चौकशी फारशी कोणी केली नाही. ओम पुरींचा अलाउद्दीन लोभी आहे, कपटी आहे, पण माणूस आहे.

इथवर स्तुती झाली. पण ही मालिका डोक्यावर घेऊन नाचावी असे मला वाटत नाही, आणि माझी मोठी तक्रार भाषेविषयी आहे. प्राचीन काळाच्या भागांत पात्रे संस्कृतप्रचुर हिंदी बोलतात. आमच्या मुलांना अर्धे शब्द अडतात आणि मला प्रत्येक मिनिटाला व्हिडिओ थांबवावा लागतो. मग सुलतान येतात, मोगल येतात आणि भाषा हळूहळू उर्दू होते. मुलांचे चेहरे खुलतात. मराठी माध्यमाच्या मुलांचे याच्या उलट होत असणार. मालिकाकारांचा हेतू चांगला होता, काळाप्रमाणे बोलीचा रंग बदलावा एवढाच. पण परिणाम असा होतो की उर्दू ही सिंहासनावर बसलेल्या मुसलमानाची भाषा, आणि तो आला तेव्हा ती आली, असे प्रेक्षकाच्या मनात बसते. हे खरे नाही. मोगल दरबाराची भाषा फारसी होती. अकबर जी नफीस उर्दू मालिकेत बोलतो, ती त्याच्या काळी तशी अस्तित्वातच नव्हती. उर्दू वाढली ती बाजारात, खानकाहांत, छावण्यांत, आणि तिचे सुरुवातीचे मोठे साहित्य तर आपल्या दख्खनमध्ये, दख्खनी म्हणून लिहिले गेले. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने ‘किताब-ए-नौरस’ दख्खनीत रचले, आणि त्याच आदिलशाहीच्या महसुली दफ्तरांत मराठी चालत होती. म्हणजे सुलतानाचे गाणे दख्खनीत आणि त्याचा हिशेब मराठीत! आपल्या वाचकांना यात नवल वाटू नये. सोलापूर-विजापूरकडच्या आपल्या घरांत आजही साधारण तसेच आहे. पण पडद्यावर हे कुठेच दिसत नाही.

भाषेचा प्रश्न दख्खनच्या प्रश्नाला जोडलेला आहे. त्रेपन्न भागांत विजयनगरच्या पाडावाला जागा आहे, शिवाजी महाराजांना दोन भाग आहेत, आणि ते हवेतच. पण मलिक अंबरला स्वतंत्र भाग नाही. हबशी गुलाम म्हणून आलेला, निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला, जहांगीरच्या फौजांना वर्षानुवर्षे दमवणारा, खडकी वसवणारा हा माणूस. त्याच्याशिवाय महाराष्ट्राचा सतरावा शतक सुरूच होत नाही. चांदबीबीचेही तेच. १५९५-९६ मध्ये अकबराच्या फौजेचा वेढा तिने झुंजवला तो ज्या किल्ल्यात, त्याच किल्ल्यात नेहरूंनी आपले पुस्तक लिहिले, आणि पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांत तिची आठवण काढली. पुस्तकात जी आली ती मालिकेत एक भागही मिळवू शकली नाही. या प्रदेशाच्या बाबतीत दिल्लीची नजर नेहमीच थोडी अधू राहिली आहे. नेहरू नगरला बसून दिल्लीकडे पाहत होते असे म्हटले तर ते फार कठोर होईल; पण मालिका मात्र मुंबईत तयार होऊन दिल्लीकडेच पाहते.

नगरच्या किल्ल्याची आणखी एक गोष्ट आहे, आणि उर्दूची शिक्षिका म्हणून मला ती सोडवत नाही. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत अटक झालेले काँग्रेसचे नेते या किल्ल्यात आणले गेले. त्यांत मौलाना आज़ाद होते, असफ अली होते, आचार्य नरेंद्र देव होते, गोविंद वल्लभ पंत होते. नेहरूंनी आपले पुस्तक या सहबंद्यांनाच अर्पण केले आहे आणि प्रस्तावनेत या चौघांची नावे घेऊन त्यांच्याशी झालेल्या बोलण्याचा लाभ मान्य केला आहे. त्याच भिंतींच्या आत मौलाना आपल्या मित्राला, हबीबुर्रहमान खान शेरवानींना, न पाठवता येणारी पत्रे लिहीत होते. तीच ‘ग़ुबार-ए-ख़ातिर’, प्रकाशन १९४६. चहाचे पत्र, चिमण्यांचे पत्र, आणि १९४३ मध्ये पत्नी ज़ुलेखा बेगम गेल्या तेव्हाचे पत्र. एकाच तुरुंगात, एकाच काळात दोन ग्रंथ तयार होतात. एक इंग्रजीत पाच हजार वर्षांकडे पाहतो, दुसरा उर्दूत चहाच्या पेल्याकडे. मालिकेच्या निवेदनाच्या चौकटीत मात्र नेहरू एकटेच बोलतात. रोशन सेठ उत्तम काम करतात, पण त्यांच्यासमोर बसून ‘पंडितजी, हे असे नाही’ म्हणणारे कोणी नाही. ‘खोज’ एका माणसाची होऊन बसते. मौलाना त्या चौकटीत असते तर मध्ययुगाच्या भागांतले निवेदन वेगळे झाले असते असे मला राहून राहून वाटते.

आणि औरंगजेब वारला तोही याच नगरला, १७०७ मध्ये. तिथून त्याला खुलताबादला नेऊन साध्या मातीच्या कबरीत दफन केले. या कबरीवरून मार्च २०२५ मध्ये नागपुरात दंगल झाली. त्याआधी जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाईलवरच्या स्टेटसवरून शहर पेटले होते. वर्गात हे विषय बोलायचे नाहीत असा एक अलिखित नियम अनेक शाळांत झाला आहे. मला तो समजतो, पण पटत नाही. आपण बोललो नाही म्हणून मुले पाहायची थांबत नाहीत. ती दारामागे पाहतात, आणि तीस सेकंदांचे तुकडे पाहतात.

या तुकड्यांचे मला सर्वांत जास्त भय वाटते, आणि इथे ‘द सोर्ड ऑफ टिपू सुलतान’चा विषय काढावा लागतो. भगवान गिडवानींच्या कादंबरीवरची संजय खान यांची ही मालिका १९९० मध्ये आली. तिच्या चित्रीकरणात ८ फेब्रुवारी १९८९ रोजी म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत आग लागून ६२ माणसे मेली. संजय खान स्वतः भयंकर भाजले. प्रसारणाआधी वाद होऊन न्यायालयापर्यंत गेला आणि ही कथा कादंबरीवर आधारलेली आहे, इतिहास नव्हे, अशी पाटी दाखवावी लागली. आपल्या घरांत ही मालिका फार प्रेमाने पाहिली जाते. मलाही काही प्रसंग आवडतात. पण कला म्हणून ती ‘भारत एक खोज’मधल्या सलीम घौस यांच्या टिपूच्या एका भागाच्या पासंगाला पुरत नाही. संजय खानचा टिपू जन्मापासूनच पुतळा आहे. तो चुकत नाही, घाबरत नाही, गोंधळत नाही. सलीम घौसचा टिपू घाईत आहे, रागीट आहे, आणि त्याला हरण्याची भीती आहे. म्हणून तो लढतो तेव्हा आपल्याला काही वाटते. आता या मोठ्या मालिकेतला एक संवाद कापून, खाली गाणे चिकटवून, पोरगा तो स्टेटसला ठेवतो. पाटी केव्हाच गळाली, कादंबरी गळाली, उरली फक्त तलवार. सोळा वर्षांच्या मुलासाठी हा खेळ असतो. त्याच्या आईसाठी पोलीस ठाण्याच्या बाकावरची रात्र असू शकते.

‘मिर्झा ग़ालिब’विषयी थोडक्यातच लिहिते, कारण त्याच्या कौतुकात भर घालण्याची गरज नाही. गुलज़ार यांनी नसीरुद्दीन शाह यांच्याकडून काढून घेतलेला ग़ालिब अविस्मरणीय आहे. उमराव बेगम झालेल्या तन्वी आज़मी मराठी घरातल्या, ज़ौक झालेले शफी इनामदार दापोलीकडच्या पांगारीचे. आपल्या वाचकांना याचा आनंद व्हावा. पण वर्गात पत्रे शिकवताना मला जाणवते की ‘ऊद-ए-हिंदी’ आणि ‘उर्दू-ए-मुअल्ला’मधला चेष्टेखोर, कर्जबाजारी, पेन्शनीसाठी अर्ज खरडणारा, उन्हाळ्याला शिव्या घालणारा ग़ालिब मालिकेत पुरेसा भेटत नाही. जगजीत सिंगांच्या गोड आवाजाने त्याच्यावर एक दुलई पांघरली आहे. नवाबजानचे प्रकरणही १९५४ च्या सोहराब मोदींच्या चित्रपटापासून चालत आलेल्या प्रेमकथेच्याच वळणाचे. यूट्यूबवर तर बहुतेक लोक मालिका पाहतच नाहीत, फक्त ग़ज़ला ऐकतात. त्यापेक्षा अली सरदार जाफ़री आणि जलाल आग़ा यांची ‘कहकशाँ’ कोणी शोधावी. हसरत मोहानी झालेले फ़ारूक़ शेख़ आणि मख़दूम झालेला तरुण इरफ़ान पाहिला की शायर म्हणजे रडणारा माणूस नव्हे हे मुलांना कळते. हसरत तुरुंगात जाते पिसतात, मख़दूम कामगारांच्या सभेत असतात.

‘तमस’ मी वर्गात दाखवत नाही. वय लहान आहे. पण पालकांनी आणि शिक्षकांनी ती पाहावी. १९८८ मध्ये तिचे प्रसारण थांबवावे म्हणून याचिका झाली तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी आधी ती स्वतः पाहिली, मग परवानगी दिली. सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली. दुबळ्या, चंचल मनाच्या माणसावर काय परिणाम होईल यावरून कलाकृती तोलू नये, समंजस आणि खंबीर माणसाच्या मापाने तोलावी, ही कसोटी तिथे लावली गेली, आणि ती मुळात नागपूरच्या उच्च न्यायालयाच्या स्वातंत्र्याच्या सुमाराच्या एका निकालातली आहे. आधी पाहणे आणि मग बोलणे, एवढे जरी आपल्या मोहल्ल्यातल्या गटांत सुरू झाले तरी पुष्कळ होईल.

फुकट आहे म्हणून हे सारे टिकेलच असे नाही. आज दिसणारा भाग उद्या हक्काच्या कारणावरून काढला जातो, एखाद्याने जुन्या कॅसेटवरून चढवलेला भाग मध्येच तुटतो, आवाज पुढे आणि ओठ मागे असे होते. आपोआप उमटणारी अक्षरे उर्दू शब्दांची जी दशा करतात ती पाहून मुलांना हसू आवरत नाही. आमच्या शाळेत प्रोजेक्टर आहे, पण वीज तासाप्रमाणे येत नाही. मी भाग घरी आधी पाहते, कुठे थांबायचे ते वहीत लिहिते आणि वर्गात वीस मिनिटांहून जास्त लावत नाही. मध्ये दोनदा थांबून पुस्तकातले पान वाचतो. शिवाजी महाराजांच्या भागाआधी औरंगजेबाचा भाग आणि त्यानंतर फुल्यांचा, असा क्रम मी ठेवला आहे. अमरापूरकरांचे फुले शाळेच्या दारात उभे राहतात, अंगावर शेण-दगड येतात, तेव्हा वर्गात कोणी बोलत नाही. त्या दिवशी मी जोतीरावांची ‘मानव महंमद’ ही कविता मराठीतूनच वाचून दाखवते. अडलेल्या शब्दांचे अर्थ मुले समासात उर्दूत लिहून घेतात. पुढच्या तासाला तीच वही मराठीच्या सरांकडे जाते.